पहिला पाइप घडवताना: आधी भोकं, मग आकार

माझा पहिला पाइप दिसायला चांगला झाला होता. बाउल गोलसर, मान सरळ, वर मेणाची झळाळी. ओळखीचे एक काका गेली कित्येक वर्षं पाइप ओढतात, त्यांना तो मोठ्या उत्साहाने दाखवायला नेला. काकांनी आकाराकडे फारसं पाहिलंच नाही. खिशातून पाइप क्लीनर काढला, म्हणजे कापूस वळलेली ती लवचिक तार, आणि ओठांकडच्या बाजूने आत सारली. तार अर्ध्यात अडली. "आत काय झालंय ते बघ रे," एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर पाइप वाइसमध्ये धरला आणि करवतीने उभा चिरला. धूर वाहून नेणारं भोक बाउलच्या तळाशी उघडायला हवं होतं, ते तळापासून जवळजवळ ५ मिलिमीटर वर उघडलं होतं. सांध्याच्या आत दोन भोकांची तोंडं एकमेकांसमोर नव्हतीच. तिथे एक पायरी तयार झाली होती आणि तार त्याच पायरीला अडत होती. तीन रविवार मी बाहेरच्या आकारावर घालवले होते. आतल्या भोकांना अर्धा तास दिला होता.

म्हणून सुतारकाम येणाऱ्या आणि पाइपकडे वळू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी पहिली गोष्ट हीच सांगतो: पाइप हे भोकांचं काम आहे. बाहेरचा आकार तुमच्या आवडीचा. आतली भोकं मात्र नेमकी एकमेकांना भेटलीच पाहिजेत. चौकटीला नीट कुसू, म्हणजे भोकात घट्ट बसणारं टोक, बसवलेला हात असेल, तर हे तुम्हाला इतरांपेक्षा लवकर जमेल, कारण पाइपचा सांधाही शेवटी कुसू आणि भोकाचाच आहे.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी तंबाखू ओढत नाही. पाइपचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निर्धोक, असं अनेकांना वाटतं. ते खरं नाही. तोंडाचा, जिभेचा, घशाचा कर्करोग पाइपनेही होतो. खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आहे. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात एक सकाळ घालवलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. मला या वस्तूच्या घडणीत रस आहे. माझे बहुतेक पाइप कपाटात आहेत, आणि जे दिले ते आधीपासून ओढणाऱ्या मोठ्या माणसांनाच. तुम्ही हा छंद घेतलात म्हणून तंबाखू सुरू करण्याची काहीही गरज नाही.

पाइपच्या आत काय असतं

तंबाखू भरायची खोल वाटी म्हणजे बाउल. त्यातून पुढे आलेली लाकडाची मान म्हणजे शँक. ओठात धरायची काळी नळी म्हणजे स्टेम. बाउलमध्ये एक मोठं उभं भोक असतं. शँकच्या टोकाकडून एक बारीक भोक त्या उभ्या भोकाच्या तळापर्यंत जातं. याच बारीक भोकाचं तोंड शँकच्या टोकाशी थोडं रुंद केलेलं असतं, त्यात स्टेमचं कुसू बसतं. चौथं भोक स्टेमच्या पोटातून जातं.

आपल्याकडे चिलीम होतीच. मातीची, सरळ, आत खडा, तोंडाशी ओली छापी. तिला वळण नाही की सांधा नाही, त्यामुळे भोकं जुळवायचा प्रश्नच येत नाही. पाइपमध्ये धूर काटकोनात वळतो आणि मग सांधा ओलांडतो. जळत्या तंबाखूतून निघालेल्या धुरात वाफ असते. अरुंद वाटेवरून तो अचानक रुंद पोकळीत आला की त्याचा वेग कमी होतो, तो थंड होतो आणि वाफेचं पाणी होतं. कुसवाचं टोक आणि भोकाचा तळ यांच्यात दोन-तीन मिलिमीटरची पोकळी राहिली, तर नेमकं तेच घडतं आणि पाइप ओढताना गुळगुळ आवाज येतो. धुराचं भोक तळापेक्षा वर उघडलं, तर खालचा तंबाखू ओलाच राहतो, जळत नाही. ते तळाच्याही खाली गेलं, तर बुडाचं लाकूड पातळ होतं आणि उष्णतेने तिथेच भगदाड पडतं.

पहिल्या पाइपसाठी सरळ, काटकोनी घाट घ्या. त्याला बिलियर्ड म्हणतात. माझी मापं देतो, तशीच वापरलीत तरी चालतील: बाउलचं उभं भोक १९ मिमी व्यासाचं आणि ३८ मिमी खोल, तळ गोलाकार. बाउलचा बाहेरचा व्यास ३८ मिमी, म्हणजे भिंत साडेनऊ मिमी जाड. भिंत ६ मिमीच्या खाली कुठेही जाऊ देऊ नका. बुडाशी किमान ८ मिमी लाकूड ठेवा. धुराचं भोक ४ मिमी. कुसवाचं भोक ८ मिमी रुंद आणि २० मिमी खोल. शँकची लांबी ४० मिमी. शँकच्या टोकापासून बाउलच्या मध्यापर्यंत म्हणजे ५९ मिमी. हा ५९ चा आकडा पेन्सिलने ठोकळ्यावरच लिहून ठेवा.

लाकूड

पाइपचं लाकूड म्हणजे ब्रायर. भूमध्य समुद्राभोवती, इटली, कोर्सिका, ग्रीस, अल्जीरिया या भागात वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी, जमिनीलगत एक गाठ वाढते. वर वणवा लागून फांद्या जळाल्या तरी या गाठीतून झुडूप पुन्हा फुटतं. ती गाठ खणून काढतात, ठोकळे कापतात, कित्येक तास पाण्यात उकळून आतला रस काढतात आणि मग महिनोन्महिने सावलीत वाळवतात. लाकूड घट्ट असतं, उष्णता सोसतं, सहजासहजी पेट घेत नाही. फ्रान्समधल्या सेंत-क्लोद गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ब्रायरचे पाइप होऊ लागले. आजही जगभरात पहिली पसंती याच लाकडाला आहे.

हे लाकूड आपल्याकडे होत नाही, बाहेरून मागवावं लागतं. कस्टम ड्युटी लागते, शिवाय लाकूड असल्याने प्लांट क्वारंटाइनचे नियमही येतात. सोबत कोणती कागदपत्रं येणार, हे विकणाऱ्याला पैसे भरण्याआधी विचारा. भोकं पाडून, स्टेम बसवूनच दिलेले ठोकळेही मिळतात, फक्त आकार द्यायचा. अनेकजण त्याला पळवाट समजतात. मी उलट असं म्हणेन की असा एक ठोकळा जरूर घ्या आणि लगेच कापायला बसू नका. व्हर्नियर कॅलिपरने त्याची सगळी मापं घ्या, तार घालून बघा, बाउलमध्ये टॉर्च मारून भोक कुठे उघडलंय ते पाहा. नीट पाडलेलं भोक कसं दिसतं, हे डोळ्यांना आधी कळायला हवं.

"घरात सागाचे, शिसवीचे तुकडे पडलेत, त्याचा का नको?" हा प्रश्न हमखास येतो. सागात नैसर्गिक तेल असतं. शिसवीच्या भुशाने अनेकांच्या त्वचेला आणि श्वासाला त्रास होतो. असं लाकूड तापवून त्यातून आलेला धूर तोंडात घ्यावा, हे मला पटत नाही. जुन्या फर्निचरच्या तुकड्यात कोणतं पॉलिश मुरलंय ते कळत नाही. प्लायवूड आणि एमडीएफमध्ये तर डिंकच असतो, त्यांचं नावच काढू नका. आणि कण्हेर सरावालाही हातात घेऊ नका, ते झाड मुळापासून पानापर्यंत विषारी आहे.

सरावाला मात्र आपलीच लाकडं उत्तम. बाभूळ किंवा चिंचेचे तुकडे सॉ मिलमध्ये उरलेल्या मालात मिळतात. दोन्ही कठीण, दोन्हीत बिट कसा वाहवत जातो ते लगेच कळतं. या ठोकळ्यांचा पाइप ओढायला वापरायचा नाही, फक्त हात बसवायचा.

ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्यांना पावसाचा विचार करावाच लागतो. जून ते सप्टेंबर आपल्या हवेत इतका ओलावा असतो की कोरडं लाकूडही पाणी पितं. ब्रायर घरी आला की तारीख लिहा, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा आणि ते ठोकळ्यावरच नोंदवा. दर रविवारी पुन्हा वजन. सलग तीन रविवार आकडा हलला नाही, की लाकूड घराच्या हवेला रुळलं. कुसवाचा सांधा मी शक्यतो नोव्हेंबर ते मार्चमध्ये बसवतो. भर जुलैत अगदी नेमका बसवलेला सांधा जानेवारीत वेगळाच लागतो.

हत्यारं आणि जागा

बेंच ड्रिल, घट्ट वाइस, गुण्या, कॅलिपर, फ्रेट सॉ, जाड आणि बारीक दातांच्या दोन-तीन कानशी आणि पॉलिशपेपर. एवढ्यात पहिला पाइप होतो. लेथ असेल तर उत्तम, नसला तरी अडत नाही. बिट आणि कानशींसाठी नागदेवी स्ट्रीटला जा. ठाण्याहून स्लो लोकलने मस्जिद स्टेशन, वाशी-नेरुळहून हार्बरने थेट. तिथे ४ मिमीचा लांब बिट आवर्जून मागा. साधा ४ मिमीचा बिट एकूण ७५ मिमी लांब असतो आणि त्याचा पिळाचा भाग ४३ मिमीच्या आसपास. आपल्याला ५९ मिमी आत जायचंय, तो पुरणार नाही.

घरी बेंच ड्रिल ठेवायला जागा नसेल, तर वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे या पट्ट्यात लेथची छोटी वर्कशॉप्स आहेत. मिलिमीटरमध्ये ड्रॉइंग काढून न्या आणि भोकं पाडून घेता येतील का ते विचारा. मी बहुतेक काम घरच्या ड्राय बाल्कनीत करतो. तिथे दार लावता येतं आणि भुसा घरात येत नाही. दुपारी दोन ते चार मशीन बंद ठेवतो, शेजारी लहान बाळ आहे. मास्क एन-९५ दर्जाचा घ्या. ब्रायरचा भुसा पिठासारखा बारीक असतो, रुमालाने तो अडत नाही.

सराव: पाडा, चिरा, बघा

ब्रायरला हात लावण्याआधी बाभळीचे दहा ठोकळे चौकोनी करून घ्या. प्रत्येकात तिन्ही भोकं पाडा आणि मग तो ठोकळा मधोमध उभा चिरा. भोकं कुठे भेटली, किती मिलिमीटर चुकली, कोणत्या दिशेला, हे तिथेच पेन्सिलने लिहा. मन मोडेल, पण दुसरा कोणताही मार्ग इतकं शिकवत नाही. माझे पहिले चार ठोकळे एकाच दिशेला चुकले होते. माझ्या ड्रिलचं टेबल डावीकडे किंचित कललेलं होतं, गुण्या लावून पाहिल्यावर समजलं. पाचव्यापासून चूक निम्म्यावर आली.

भोकं पाडणं

ठोकळ्याच्या लगतच्या दोन बाजू आधी अगदी काटकोनात करून घ्या. सगळी मापं याच दोन बाजूंपासून घ्यायची. आकार आत्ता कापायचा नाही. चौकोनी ठोकळा वाइसमध्ये घट्ट बसतो, गोल झालेला बसत नाही. ठोकळ्याच्या बाजूवर पाइपचं पूर्ण चित्र काढा, आतल्या भोकांसकट.

पहिल्यांदा शँकच्या टोकाकडून. ८ मिमीचा, मधे टोक असलेला लाकडाचा बिट लावा आणि २० मिमी आत जा. या बिटाचा फायदा असा, की भोकाचा तळ सपाट होतो आणि मधोमध एक खळगा पडतो. आता वाइस जराही न हलवता फक्त बिट बदला. साधा आखूड ४ मिमीचा बिट त्या खळग्यात टेकवून दहा-पंधरा मिलिमीटर आत न्या, मग लांब बिट लावा. लांब बिट एकदम सुरू केला तर तो लवतो आणि लाकडाची रेघ नेईल तिकडे जातो. आखूड बिटाने केलेली सुरुवात त्याला वाट दाखवते. ५ मिमी आत, पूर्ण बाहेर, भुसा झाडा, पुन्हा ५ मिमी. घाई केलीत की भुसा अडकतो, बिट तापतो आणि तिरका जातो. बिटावर ५९ मिमीला चिकटपट्टीची खूण करा आणि तिथे थांबा.

सांध्याची दोन्ही भोकं एकाच पकडीत पाडायची, हा नियम कधीही मोडू नका. मधे ठोकळा सोडून पुन्हा पकडलात, की माझ्या पहिल्या पाइपमधली ती पायरी तुमच्याही पाइपमध्ये येणार.

मग बाउल. यासाठी खास बिट महाग मिळतो. पाऊण इंची चपटा बिट ग्राइंडरवर घासून इंग्रजी यू अक्षरासारखा गोल केला, तरी काम होतं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, दोन्ही बाजूंची कापणारी धार सारखी राहू द्या, नाहीतर भोक मोठं पडेल. दोन, त्याचं मधलं लांब टोक २ मिमीपर्यंत घासून टाका. ते तसंच राहिलं तर बाउलचा तळ ठरल्या जागी थांबेल, पण टोक त्याच्याही खाली बुडात घुसेल. ठोकळा उभा पकडा, गुण्या लावा, ड्रिलचा वेग कमीत कमी ठेवा. हातात ठोकळा धरून कधीही ड्रिल करू नका. या बिटाने लाकूड पकडलं की तो ठोकळा मनगटासकट फिरवतो. हातमोजे घालूनही ड्रिलजवळ जाऊ नका.

३८ मिमी खोलीच्या जवळ येताना दर मिलिमीटरला थांबून टॉर्चने आत बघा. धुराच्या भोकाचं तोंड आधी चंद्रकोरीसारखं दिसतं, मग भरत जातं. त्याची खालची कड तळाला टेकली, की थांबायचं. हा क्षण मला या सगळ्या कामात सर्वांत आवडतो.

स्टेम

स्टेम दोन प्रकारचे, इबोनाइट आणि ॲक्रिलिक. इबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. दातांना मऊ लागतं, पण उन्हात ठेवलं की हिरवट-तपकिरी पडतं. आपल्याकडे इबोनाइटचे फाउंटन पेन हाताने घडवण्याची परंपरा आहे, राजमहेंद्रवरमचे पेन त्यासाठी प्रसिद्ध आहेत. त्यामुळे इबोनाइटच्या सळया देशात मिळतात. तरी पहिल्या दोन-तीन पाइपना तयार, साच्यातला स्टेम घ्या. सळईपासून स्टेम घडवणं हा स्वतंत्र अभ्यास आहे. ओठाकडचं टोक चार-साडेचार मिलिमीटर जाडीपर्यंत पातळ करून त्याच्या पोटातलं भोक शाबूत ठेवायचं असतं.

तयार स्टेमचं कुसू मुद्दाम जाड ठेवलेलं असतं. ते ८ मिमीच्या भोकात बसेपर्यंत हळूहळू कमी करायचं. कानस लावू नका, कुसू लंबगोल होतं. ४०० नंबरचा पॉलिशपेपर बोटांत गुंडाळून स्टेम फिरवत राहा आणि दर दहा-बारा फेऱ्यांनी बसवून बघा. फिरवत, थोड्या जोराने आत गेलं आणि आत गेल्यावर हललं नाही, की झालं. कुसवाची लांबी भोकाच्या खोलीपेक्षा अर्धा मिलिमीटरच कमी ठेवा. इबोनाइट घासताना पाणी लावा, भुसा उडत नाही आणि गंधकाचा वासही घरभर होत नाही.

आकार

इथे तुम्हाला माझी फारशी गरज नाही. फ्रेट सॉने चित्राच्या बाहेरून कापा, जाड कानशीने गोलाई आणा, बारीक कानशीने ओरखडे काढा. एकच सांगतो: स्टेम बसवलेलाच ठेवून शँक आणि स्टेम एकत्र घासा. वेगवेगळे घासलेत तर सांध्यावर बोटाला कड लागते. पॉलिशपेपर १२० पासून सुरू करून २२०, ३२०, ४००, ६०० असा चढत जा. नंबर बदलण्याआधी लाकडाला स्पिरिट पुसा, राहिलेले ओरखडे लगेच उठून दिसतात.

ब्रायरमध्ये घासता घासता अचानक बारीक खड्डा उघडतो. तो लाकडाच्या वाढीतलाच असतो, तुमची चूक नसते. लहान असेल तर तसाच राहू द्या. मोठा असेल तर तेवढा भाग पटाशीच्या टोकाने मुद्दाम खडबडीत करा, पुष्कळ चांगले पाइप असेच खडबडीत असतात. खड्डा बाउलच्या आत मात्र असेल आणि खोल असेल, तर तो पाइप ओढण्यासाठी कुणाला देऊ नका.

रंग आणि झळाळी

मेलामाइन, पीयू, टचवूड यातलं काहीही लावू नका. पाइप तापतो, आणि हा थर उष्णतेने फुगतो. रंग हवा असेल तर स्पिरिटमध्ये विरघळणारा घ्या. गडद रंग लावा, सुकू द्या, ६०० ने हलका घासून काढा, मग वर फिकट रंग. गडद रंग लाकडाच्या रेषांत राहतो आणि रेषा उठून येतात. शेवटी बफवर, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर, कार्नोबा मेण. लाख चढवणारा कातारी घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळवतो, तसंच हे मेण फिरत्या बफवरच वितळून बसतं. बोटाने चोळून बसत नाही. बाउलच्या आत रंग, मेण, लाख, काहीही नको. कोरं लाकूड.

तपासणी

कोरडा क्लीनर स्टेमच्या टोकातून घाला. तो न अडता, न ढकलता बाउलच्या तळाशी बाहेर आला पाहिजे. मग रिकामा पाइप ओठांत धरून हवा ओढा. शिट्टीसारखा आवाज आला तर आत कुठेतरी कड आहे किंवा वाट अचानक अरुंद झाली आहे. स्टेम काढा आणि कुसवाच्या टोकाशी भोकाची कड किंचित निमुळती करून पुन्हा ओढून बघा. बऱ्याचदा तेवढ्याने आवाज जातो. क्लीनर सांध्यातच अडत असेल, तर स्टेम अर्धा वळसा फिरवून पुन्हा घाला. आता गेला, तर कुसू मध्यापासून सरकलेलं आहे, नवा स्टेम बसवा. दोन्ही बाजूंनी अडला, तर लाकडातली भोकं चुकली आहेत. तो पाइप वाइसमध्ये धरा, उभा चिरा, चूक मिलिमीटरमध्ये मोजा आणि त्या आकड्यासकट बाभळीच्या ठोकळ्यांशेजारी ठेवून द्या.